मुसकी बांधलेल्या बैलाला पेंड कशाला?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका चौतीस वर्षांच्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावच्या. वडील एकसष्ट वर्षांचे, शेतकरी. त्यांच्या टाचेवर काळसर डाग होता. कुरूप समजून त्यांनी वर्षभर त्यावर पट्ट्या लावल्या. बायोप्सीत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, निघाला आणि स्कॅनमध्ये जांघेतल्या गाठी व फुप्फुसात ठिपके दिसले. आता दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅबचं २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू आहे. दोन डोस झाले, तिसरा पुढच्या आठवड्यात आहे. "कर्करोगाशी लढणाऱ्या पेशी थकल्या आहेत, हे औषध त्यांना जागं करेल," असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यावर काकांचं म्हणणं असं, की थकल्या असतील तर ताकद वाढवायला हवी. त्यांनी गुळवेलीचा काढा आणि प्रोबायोटिकची पाकिटं सुरू केली. पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो, परदेशात दोन औषधं एकत्र देतात, आपल्याला एकच का? वडिलांना "टाचेची गाठ" एवढंच सांगितलेलं आहे. पैशासाठी दीड एकर रान विकण्याचा विचार चालला आहे. आणि पत्राच्या शेवटी दोन ओळी : "चार दिवसांपासून बाबांना पाच-सहा वेळा जुलाब होतात. मेडिकलमधून गोळ्या आणल्यात. डॉक्टरांना सांगितलं नाही, सांगितलं तर इंजेक्शन थांबवतील."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जे शेवटी लिहिलंय, त्यापासून सुरुवात करते. पुढचं वाचण्याआधी हॉस्पिटलला फोन करा. उद्या नको, तिसऱ्या डोसच्या दिवशी तर नकोच. एवढं सांगा : "पेम्ब्रोलिझुमॅबचे दोन डोस झालेत, शेवटचा अमुक तारखेला. चार दिवसांपासून रोज पाच-सहा जुलाब. एरवी दिवसातून एकदाच जातात." शेवटचं वाक्य गाळू नका, कारण डॉक्टर एकूण आकडा मोजत नाहीत, रोजच्यापेक्षा किती जास्त ते मोजतात. चार ते सहा वेळा जास्त म्हणजे मध्यम पायरी. तुमचे बाबा तिथे पोचलेत. सात किंवा अधिक वेळा जास्त, रक्त किंवा आव, पोटात सतत दुखणं, ताप, पाणीही पोटात न ठरणं, यातलं एकही दिसलं तर फोनवर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखल व्हायचं.

मेडिकलच्या गोळ्या बंद करा. त्या आतड्याची हालचाल मंद करतात. जुलाबांचा आकडा कमी दिसतो, पण आतला दाह तसाच वाढत राहतो. हा जुलाब बाहेरच्या खाण्याचा नसण्याची शक्यता मोठी आहे. या औषधाने सुटलेल्या पेशी आतड्याच्या अस्तरावर उलटल्या की असं होतं, आणि अंगावर काढलं तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. अर्थात, आपल्याकडे साधा संसर्गही असू शकतो, म्हणून शौचाची तपासणी करतातच, आणि गरज पडली तर दुर्बिणीने आतडं पाहतात.

आता तुमची भीती : इंजेक्शन थांबवतील. हो, बहुधा थांबवतील, काही आठवडे. पण हे औषध सलाईनसोबत आलं आणि दोन दिवसांत निघून गेलं, असं नसतं. एक डोस अंगात कित्येक आठवडे टिकतो, आणि एकदा जाग्या झालेल्या पेशी औषध पुढे ढकललं म्हणून लगेच झोपत नाहीत. दोन औषधं एकत्र घेणाऱ्यांपैकी ज्यांना त्रासामुळे उपचार सुरुवातीलाच सोडावा लागला, त्यांचे निकालही पुढे घेत राहिलेल्यांच्या तोडीचे निघाले आहेत. म्हणजे एक डोस हुकल्याने फारसं बिघडत नाही. लपवलेल्या जुलाबाने मात्र सगळाच उपचार कायमचा सोडावा लागू शकतो.

डॉक्टर बहुधा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड देतील, वजनाच्या दर किलोला साधारण १ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज ६० च्या आसपास. "स्टेरॉईड म्हणजे औषधाचा परिणाम पुसला" असं कुणी म्हणेल. त्रास आवरण्यासाठी दिलेल्या स्टेरॉईडने फायदा पुसला जातो, असं आजवर ठळकपणे दिसलेलं नाही. चूक दुसरीकडेच होते : दोन दिवसांत बरं वाटतं, लोक गोळी सोडतात, आणि आठवड्यात जुलाब दुपटीने परत येतो. डोस चार ते सहा आठवड्यांत हळूहळू उतरवायचा असतो. त्या काळात साखर तपासत राहा आणि फुप्फुसाच्या संसर्गापासून बचावाची गोळी लागेल का, ते विचारा. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही तर इन्फ्लिक्सिमॅब हे दाह दाबणारं इंजेक्शन देतात. त्याने अंगात दबलेला क्षय उठू शकतो, आणि आपल्याकडे दबलेला क्षय कमी जणांत नाही. म्हणून क्षयाची रक्तचाचणी, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, ते आजच्या फोनवरच विचारून घ्या. ऐनवेळी रिपोर्टची वाट पाहण्यात दिवस जातात. जुलाब थांबला आणि स्टेरॉईड रोज १० मिलिग्रॅमपर्यंत उतरलं, की पेम्ब्रोलिझुमॅब पुन्हा सुरू करण्याचा विचार होतो.

फोन झाला असेल तर आता काकांच्या मुद्द्याकडे येऊ.

"थकलेल्या पेशी" हा शब्दच घोटाळा करतो. डॉक्टरांचं चुकलं नाही, शास्त्रातही तोच शब्द आहे. पण थकवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अशक्तपणा येतो, आणि अशक्तपणा म्हटला की तूप, खारीक, काढा. टी-पेशींचा, म्हणजे कर्करोगाशी लढणाऱ्या या पेशींचा, थकवा तसला नाही. शत्रू महिनोन्‌महिने समोरून हलतच नसेल, तर या पेशी आपल्याच पृष्ठभागावर पीडी-१ नावाची कडी मोठ्या संख्येने उभारतात. समोरची पेशी पीडी-एल१ नावाचा आकडा दाखवते, तो कडीत अडकतो आणि टी-पेशी आतून शांत होते. आधी तिचं वाढणं मंदावतं, मग मारणं. हे उंदरांमध्ये दीर्घकाळ टिकणाऱ्या एका विषाणूच्या संसर्गात उलगडलं. अमेरिकेत काम करणारे, मूळ हैदराबादचे रफी अहमद यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की ही कडी झाकली तर तशा "थकलेल्या" पेशी पुन्हा कामाला लागतात. पीडी-१ हा रेणू १९९२ मध्ये क्योटोत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला होता. सीटीएलए-४ या दुसऱ्या लगामावर काम करणारे जेम्स ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, ते यासाठीच.

शरीर असा स्वतःलाच लगाम का घालतं? कारण लगाम नसलेल्या पेशी शत्रूसकट घरही मोडतात. तुमच्या घरी बैल असतील तर हे सांगायला नको. उभ्या पिकात कोळपताना बैलाच्या तोंडाला मुसकी, म्हणजे जाळी, बांधतात. बैल अशक्त असतो म्हणून नव्हे, तर धडधाकट असतो म्हणून. मेलॅनोमाने केलं काय, तर तीच मुसकी वापरून तणालाही संरक्षण मिळवलं. टी-पेशी गाठीवर हल्ला करताना इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात, आणि ते जाणवताच गाठीच्या पेशी आणखी पीडी-एल१ अंगावर चढवतात. बैल जितका ओढ घेतो तितकी मुसकी आवळते. अशा बैलापुढे पेंड ठेवून काय होणार? तोंड मोकळं हवं. पेम्ब्रोलिझुमॅब तेवढंच करतं, पीडी-१ झाकतं. ते ताकद देत नाही, कर्करोगाला थेट मारतही नाही. आणि मोकळं तोंड तणाबरोबर पिकातही जातं. बाबांचा जुलाब म्हणजे पिकात गेलेलं तोंड असावं, असा माझा अंदाज आहे.

उपमेपलीकडची एक गोष्ट सांगायला हवी, कारण औषध कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, याची बरीचशी गुरुकिल्ली तिच्यात आहे. थकलेल्या पेशी सगळ्या सारख्या नसतात. काही इतक्या पुढे गेलेल्या असतात की कडी झाकूनही उठत नाहीत. त्यांच्या जनुकांची घडीच बदललेली असते. काही मात्र राखीव असतात, अजून वाढू शकणाऱ्या. औषध मुख्यतः या राखीव पेशींना वाढवतं आणि त्यांच्यातून नवी फौज तयार होते. म्हणून परिणाम दिसायला आठवडे लागतात. गाठीत टी-पेशी मुळातच कमी असतील, किंवा राखीव साठा संपला असेल, तर मुसकी काढूनही शेतात बैल नसतोच.

आता काढा. मुंबईत २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताचा दाह झाल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. दाहाचं चित्र शरीराने स्वतःच्याच यकृतावर उलटावं तसं होतं. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य नव्हता. तो वाद बाजूला ठेवला तरी तुमच्या घरापुरता प्रश्न साधा आहे : पेम्ब्रोलिझुमॅबनेही यकृताचा दाह होतो. उद्या बाबांचे यकृताचे आकडे चढले, तर ते औषधाने की काढ्याने, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि इंजेक्शन नाहक बंद होईल. काढा थांबवा, आणि काय किती दिवस घेतलं ते डॉक्टरांना सांगा. ओरडतील या भीतीने लपवू नका.

प्रोबायोटिकची पाकिटंही नकोत. मेलॅनोमाच्या रुग्णांवरच्या २०२१ च्या एका अभ्यासात, रोज किमान २० ग्रॅम तंतू खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. दुकानातल्या प्रोबायोटिकने तसा फायदा दिसला नाही, आणि उंदरांमध्ये तर त्याने औषधाचा परिणाम घटला. जुलाब पूर्ण थांबला की ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू, एवढं पुरे. आत्ता मात्र मऊ भात, वरणाचं पाणी आणि ओआरएस. काकांना एक काम द्या, माया त्यांचीही आहे : वहीत रोज वजन, जुलाबांची संख्या, ताप आणि औषधांच्या वेळा लिहायच्या. काढ्याच्या दहा पातेल्यांपेक्षा या वहीचा उपयोग जास्त आहे.

वहीच्या पहिल्या पानावर आणि बाबांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा : औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, कर्करोगतज्ज्ञांचा नंबर, आणि ठळक अक्षरांत "ही केमोथेरपी नाही, इम्युनोथेरपी आहे, स्टेरॉईड लागू शकतं". रात्री अकराला तालुक्याच्या कॅज्युअल्टीत तुम्ही "केमो चालू आहे" म्हणालात, तर तिथला डॉक्टर वेगळ्याच दिशेने जाईल. खालच्या तक्रारींना त्याच दिवशी फोन : नवा कोरडा खोकला किंवा चालताना लागणारा दम, गडद लघवी व पिवळे डोळे, एकाएकी प्रचंड तहान आणि वारंवार लघवी, न थांबणारी डोकेदुखी, उभं राहिल्यावर घेरी. छातीत दुखणं, पापण्या गळणं, एकाचे दोन दिसणं, गिळताना त्रास, यांना फोनही नको, गाडी काढा. हृदयाच्या स्नायूचा दाह शंभरात एकालाही होत नाही, पण झाला तर जीवघेणा ठरतो. उलट, अंगावर कोडासारखे पांढरे डाग उमटले तर घाबरू नका. गावात कुजबुज होईल ती होऊ द्या. मेलॅनोमात रंगपेशींवर हल्ला सुरू झाल्याची ती खूण असते आणि अशा रुग्णांत औषध लागू पडण्याचं प्रमाण जास्त दिसतं. औषध बंद झाल्यावरही कित्येक महिने यातलं काहीही उद्भवू शकतं, म्हणून चिठ्ठी लवकर फेकू नका.

इथे एक अडचण आहे, आणि ती तुम्ही अडचण म्हणून लिहिलेली नाही. ही सगळी लक्षणं बाबांना जाणवणार, तुम्हाला नाही. ज्या माणसाला "टाचेची गाठ" एवढंच ठाऊक आहे, तो चार दिवसांच्या जुलाबाची किंवा लागलेल्या दमाची वर्दी का देईल? लेकीला त्रास नको म्हणून गप्पच बसेल. न सांगण्यामागे तुमचं प्रेम आहे, पण या औषधापुरतं ते प्रेम धोक्याचं आहे. सगळे आकडे सांगा असं म्हणत नाही. "टाचेचा आजार आत पसरलाय. इंजेक्शनने अंगातल्या पेशींची मुसकी काढलीय. त्या कधी पिकात शिरतील सांगता येत नाही, काही वेगळं वाटलं की पहिल्याच दिवशी सांगा." पिढ्यान्‌पिढ्या बैल हाकलेल्या घरात हे पटायला जड नाही. आणि रान विकायचं की नाही, हे ज्याचं रान त्याला न विचारता ठरवणार का?

चुलतभावाचा प्रश्न रास्त आहे. पेम्ब्रोलिझुमॅबचाच जुळा भाऊ म्हणावा असं निव्होलुमॅब, आणि सीटीएलए-४ झाकणारं इपिलिमुमॅब, ही जोडी परदेशात देतात. ९४५ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचा दहा वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये आला : निम्मे रुग्ण हयात असण्याचा काळ जोडीत ७१.९ महिने, एकट्या निव्होलुमॅबवर ३६.९, एकट्या इपिलिमुमॅबवर १९.९. २०११ पूर्वी हा आकडा वर्षालाही पोचत नसे. पण जोडीत निम्म्याहून अधिक जणांना गंभीर त्रास झाला, एकट्या निव्होलुमॅबवर साधारण चौघांत एकाला. शिवाय त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण गोरे, उन्हाने झालेल्या मेलॅनोमाचे. उन्हाने जनुकांत असंख्य बिघाड होतात, आणि जितके बिघाड तितकी गाठ टी-पेशींना परकी दिसते. तळव्याचा मेलॅनोमा उन्हाने होत नाही, त्यात बिघाड कमी, म्हणून औषधाचा परिणामही कमी. आधी इतर उपचार झालेल्या चीनमधल्या १०३ रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिलं, तेव्हा साधारण सहांमागे एकाच्या गाठी ठळकपणे आकसल्या, आणि तळव्याच्या मेलॅनोमातही प्रमाण जवळपास तेवढंच होतं. आकडा लहान आहे, तो लपवून तुमचं भलं होणार नाही. मात्र ज्यांना लागू पडतं, त्यांच्यात परिणाम पुष्कळदा वर्षानुवर्षं टिकतो, हेही तितकंच खरं.

जुलाब चार दिवस घरात राहिला, अशा परिस्थितीत एकाच औषधाने सुरुवात करणं मला शहाणपणाचं वाटतं. आत्ताच्या जुलाबानंतर जोडीचा विषय तूर्त बाजूलाच ठेवा. त्याऐवजी विचारा, बीआरएएफ आणि केआयटी या जनुकांची तपासणी झाली का? बायोप्सीच्या पॅराफिन ब्लॉकवरच, म्हणजे मेणात जपलेल्या तुकड्यावरच, ती होते. ब्लॉक पहिल्या लॅबमध्ये पडून असेल तर अर्ज देऊन ताब्यात घ्या. हरवला तर पुन्हा सुई. बीआरएएफमध्ये ठरावीक बदल सापडला तर रोजच्या गोळ्यांचा दुसरा मार्ग उघडतो. केआयटीमध्ये सापडला तर इमॅटिनिब ही जुनी, स्वस्तात मिळणारी गोळी काहींना उपयोगी पडते.

पहिला स्कॅन साधारण बाराव्या आठवड्यात होईल. त्यात गाठी थोड्या मोठ्या दिसल्या, तर तेवढ्यावरून औषध फसलं असं समजू नका. आत घुसलेल्या टी-पेशींनीही गाठ फुगते. बाबा खात-पीत, हिंडत-फिरत असतील तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून मग ठरवतात. पण असं खोटं फुगणं दहांत एकालाही क्वचितच होतं. वजन उतरतंय, अंथरूण धरलंय आणि गाठीही वाढल्यात, तर "फुगलं असेल" म्हणत वाट पाहू नका.

पैशाचं म्हणाल तर त्या स्कॅनआधी सातबाऱ्याला हात लावू नका. तोवर हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेटून कंपनीच्या मदत योजनेत, म्हणजे काही डोसनंतर पुढचे मोफत किंवा सवलतीत मिळतात त्यात, नाव घाला. पावत्या पहिल्या डोसपासूनच्या लागतील, जपून ठेवा. औषध जन्मभर घ्यायचं नसतं. लागू पडलं तरी बहुधा दोन वर्षांवर थांबवतात. कमी डोसबद्दलही विचारा, पण नीट समजून. टाटा मेमोरियलमधल्या चाचणीत डोक्या-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅम डोस, तोंडाने घ्यायच्या औषधांना जोडून, दर तीन आठवड्यांनी दिला, आणि वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तो कर्करोग वेगळा. मेलॅनोमासाठी तसा पुरावा अजून नाही. पूर्ण डोस परवडतच नसेल, तर "काहीच नाही" आणि "कमी डोस" यांतली निवड म्हणून हा विषय डॉक्टरांशी काढा.

"अर्ध्या किमतीत आणून देतो" म्हणणाऱ्याकडून कुपी घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी या जातीच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या गोळा करून त्यांत भलतंच औषध भरणारी टोळी पकडली होती. बाहेरून आणावी लागलीच तर बिलावरचा बॅच नंबर कुपीशी ताडून पाहा. कुपी २ ते ८ अंशांत, बर्फाला थेट न टेकवता न्या, गोठू देऊ नका, गदागदा हलवू नका. सलाईन संपल्यावर बॅच नंबरचा फोटो काढून घ्या आणि परिचारिकेला सांगून रिकाम्या कुपीवरचं लेबल तुमच्यासमोर फाडायला लावा.